चौथं बिऱ्हाड

लव्हिनिया प्रुएटबाईंची तीन बिऱ्हाडं मी माझ्या डोळ्यांनी उठताना पाहिली. मी सार्जंटची बायको, फोर्ट टॅलमनची धोबीण. अधिकाऱ्यांच्या घरांच्या रांगेतल्या साऱ्या चादरी माझ्या हाताखालून जायच्या, त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला कर्नलच्या आधी कळे.

त्या रांगेत स्वतःचं घर कुणाचंच नव्हतं. वरच्या हुद्द्याचा नवा अधिकारी आला, की त्यानं आवडेल त्या दारावर बोट ठेवायचं. तिथला माणूस मग आपल्या खालच्याला उठवणार, तो त्याच्या खालच्याला, आणि शेवटचा तंबूत. ह्यावरून कुणी कुणाशी वाकडं धरायचं नाही, अशी रीत. रीत पाडणाऱ्या पुरुषांनी मुरंब्याच्या बरण्या कधी उचलून नेल्या नसाव्यात.

बाई नवी नवरी होऊन आल्या तेव्हा लेफ्टनंट प्रुएट सगळ्यांत खालचे. बाईंनी भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवली, छपराची माती ताटात पडू नये म्हणून वर कापड ताणलं. दोन महिन्यांत ते घर गेलं. दुसरंही तसंच सजवलं, तेही गेलं. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "बाईसाहेब, घर जरा गचाळ ठेवा की! म्हणजे कुणाची नजर जाणार नाही."

"आणि त्यात राहून मीच गचाळ झाले म्हणजे, होनोरा?"

तिसरं गेलं तेव्हा मात्र गाठोड्यावर बसून रडल्या. "माझी वेळ आली ना, तर मी कुणाला उठवणार नाही. लिहून ठेव."

"मला कुठं लिहिता येतं?"

"मग ध्यानात ठेव."

पुढं त्यांची बदली झाली. चार वर्षांनी प्रुएट कॅप्टन होऊन परत आले, सोबत दोन वर्षांची थिओडोसिया. रिकामं होतं ते फक्त एक फटींचं लाकडी खोपट. बाईंनी नवऱ्याला घर निवडू दिलं नाही, मुकाट्यानं खोपटात शिरल्या. मला त्यांचा अभिमान वाटला.

थंडी पडली आणि पोरीच्या छातीत खोकला बसला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "हा हिवाळा इथंच काढलात तर पोर हाती लागणार नाही."

कॅप्टनला मागता येईल असं कोरडं घर एकच, लेफ्टनंट आल्डेन यांचं. त्यांची बायको कॉर्डेलिया एकोणीस वर्षांची, तिचे नुकते कुठं पडदे लावून झालेले. बाई आठ दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी शाल घेऊन निघाल्या. मी धुतलेले कपडे पोचवायला म्हणून मागोमाग गेले, खरं तर बघायलाच.

बाईंनी दारातच विचारलं, "चूल धूर मारते का?"

घर वाचवायला ह्या प्रश्नाला सारी रांग खोटं बोलायची. प्रुएटबाईंनी तर एकदा मुद्दाम ओली लाकडं पेटवली होती. मी कॉर्डेलियाकडं डोळे वटारले. म्हण ना पोरी, धुरानं जीव जातो म्हण!

"नाही," ती म्हणाली. "छान पेटते. पण पाळणा उत्तरेच्या खोलीत नका लावू, तिथं गारठा असतो. चुलीमागं लावा. बाळाचा खोकला कसाय?"

बाईंनी आत येऊन चुलीमागची भिंत चाचपली. मग म्हणाल्या, "मला हे घर लागेल."

"दोन दिवस द्या, आवरते."

आल्डेन जोडपं खोपटात गेलं. वसंतात थिओडोसिया अंगणात धावू लागली. मी चादर पिळत होते, दुसरं टोक बाईंनी धरलं होतं.

"कॉर्डेलिया खोटं बोलली असती, तर मी परत फिरले असते," त्या म्हणाल्या.

बाईंनी चादरीला आणखी एक पीळ दिला.

"नाही गं. तरीही घेतलंच असतं. पण मग निदान तिचा राग तरी करता आला असता."