आमदारसाहेब आमच्या तुडुमावर

ज्या आमदारासाठी आमच्या घरात रोज रात्रीची ताटं थांबायची, तो एके सकाळी आमच्या तलावाच्या पाळीवर चहा पीत उभा होता. खरा आमदार नव्हे, मालिकेतला. पण आमच्या घरी हा फरक कोणी फारसा मानत नसे. त्यानं दारू दुकानाविरुद्ध स्वतःच्याच कार्यकर्त्यांशी वैर घेतलं, दुसऱ्या जातीत लग्न केलेल्या मुलीला घरात आसरा दिला, तेव्हा आई टीव्हीला सांगायची, "पुढच्या निवडणुकीत पडशील ना बापा." आणि तो पडू नये म्हणून स्वतःच धास्तावायची.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. सौंदडच्या शाळेत जायला बाबांनी सायकल घेऊन दिली, त्या सायकलवरून मी गोंदियाच्या कॉलेजपर्यंत पोचले असंच मला वाटतं. मालिकेच्या लोकांना गर्दीतल्या गावकऱ्यांना प्रसंग समजावून सांगणारं कोणीतरी हवं होतं. सरपंचांनी मला पुढे केलं. संहितेची पानं हातात आली तेव्हा मी आधी आमदाराचीच वाक्यं शोधली. आमदार काय बोलणार, हे साऱ्या महाराष्ट्राच्या आधी मला कळणार होतं.

प्रसंग असा होता: तलावात पाणी कमी. तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, त्याच्याजवळच्या शेतकऱ्यांना ते उन्हाळी धानासाठी राखायचं आहे. तेच आमदाराचे मतदार. तरी तो म्हणतो, आधी शेवटच्या शेताला पाणी द्या, मग माझी मतं गेली तरी चालतील.

वाचता वाचता मी थांबले. तलावाच्या गावांत हे भांडण नवं नाही, पण त्या आठवड्यात ते आमच्याच घरात होतं. पाऊस लवकर गेला होता. आमची बांधी, म्हणजे धानाचं शेत, पाटाच्या अगदी शेवटी. धान पोटरीत आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात, आणि जमिनीला भेगा पडू लागल्या होत्या. तलाव समितीचे अध्यक्ष बाबांचे सख्खे मोठे भाऊ, माझे मोठे बाबा. त्यांची शेतं तुडुमाला लागून. त्यांनी सभेत "पाणी राखा" म्हटलं आणि सभा उठली.

शूटिंगसाठी तुडूम उघडायला मात्र त्यांनी परवानगी दिली. "शॉट झाला का बंद," एवढीच अट. आवाज दणदणीत म्हणून दिग्दर्शकानं त्यांनाच गर्दीच्या पुढे उभं केलं. "एक थेंब सोडू देणार नाही," असं ते पहिल्याच वेळी गरजले आणि दिग्दर्शक खूश झाला. त्याला काय माहीत, त्यात नाटक काहीच नव्हतं.

मग गर्दीत कोणाचा तरी मोबाईल वाजला, म्हणून पुन्हा. ढग आला, म्हणून पुन्हा. दर वेळी थोडं पाणी पाटात पडायचं आणि मोठे बाबा दार लावायला धावायचे.

पुढच्या वेळी गर्दीतून बाबांचा आवाज आला. "साहेब, माया बाजूनं कोणी काही लिवलंच नाही काय जी?"

दिग्दर्शकानं माझ्याकडे पाहिलं. मी पानं चाळली. आमदाराला वाक्यं होती, विरोधकांना होती. शेवटच्या शेतवाल्याला एकही नव्हतं.

"हे माझे वडील," मी म्हटलं. "शेवटचं शेत यांचंच आहे."

आमदार झालेला नट म्हणाला, "मग बोलू द्या त्यांना. मी कोणासाठी भांडतोय ते दिसू तर दे."

बाबा जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले नव्हते. ते आमदाराकडे न बघता भावाकडे बघत बोलले. "धान पोटरीत आहे, दादा. आठ दिवस गेले का मंग गंगा आणली तरी कामाची नाही. तू उन्हाळ्याचं सांगून राहिला, मी आजचं सांगून राहिलो."

मोठ्या बाबांना पुढचं वाक्य आठवेना. "माहीत आहे मले," एवढंच ते म्हणाले. आमदारानं तुडूम उघडलं.

शॉट संपला. मोठे बाबा नेहमीसारखे जाऊन दार लावून आले आणि माझ्याजवळ थांबले. "पोरी, हे कुठं कुठं दिसते?"

"सगळीकडे."

"नागऱ्यालेबी?" नागऱ्याला त्यांच्या लेकीचं सासर.

"नागऱ्यालेबी."

ते तडक दिग्दर्शकाकडे गेले. "अजून एक घ्या. आता मी खोलतो. नाही तर पाणी अडवणारा म्हणूनच दिसन मी व्याह्यांले."

"उजेड गेला, काका," दिग्दर्शक म्हणाला. वायर गुंडाळणं सुरू झालं होतं.

मोठे बाबा पाळीवर उभे राहिले. एकदा गाड्यांकडे, एकदा खाली शेतांकडे बघितलं. "घ्या नाही तर नका घेऊ," म्हणाले आणि तुडूम पूर्ण उघडलं. मग मला म्हणाले, "पाहून काय राहिली? बापाले सांग, फावडं घे म्हणा. पाट मधात फुटला आहे."

मी पाटाच्या काठानं पळत सुटले. पाणी माझ्या बरोबरीनं पळत होतं, काडीकचरा पुढे ढकलत. बाबा फावडं घेऊन आधीच फुटक्या जागी वाकले होते, आई मातीची ढेकळं देत होती. पाणी शेवटच्या बांधीत शिरलं तेव्हा मी संहितेची पानं छातीशी धरून, चपला काढून चिखलात उतरले.

आईनं कपाळावरचा घाम पुसला. "त्या आमदाराले सांगजो," ती म्हणाली, "आता पडला तरी हरकत नाही. नवा तांदूळ निघाला का जेवाले ये म्हणा."