घोयऱ्याचा डोळा

तिरोड्यातला माझा सलूनवाला कुठलंही मत विचारतो ते वस्तरा गळ्यावर असताना. त्यामुळे त्याच्या दुकानात कधी वाद होत नाहीत.

काल माझी अर्धी दाढी टाकून तो खिडकीतल्या मेंदीच्या कुंडीकडे गेला. तिथे त्याचा लाडका घोयरा सरडा एक डोळा गच्च मिटून बसला होता.

"गुरांचे डॉक्टर म्हणाले, पाणी मारत राहा," असं सांगत तो केस भिजवायच्या बाटलीने सरड्याच्या तोंडावर हळुवार फवारे मारू लागला. इकडे माझ्या गालावरचा फेस वाळला.

"माझं काय?" मी विचारलं.

"तुमचे दोन्ही डोळे चांगले हायेत जी. बसा चुपचाप."

परत येऊन त्याने वस्तरा गळ्याला लावला.

"थोडासा उघडला ना जी?"

डोळा होता तसाच बंद होता.

"अर्धा उघडला," मी म्हणालो.