तलवारीची शेपटी

आनंद वडके पहिल्यांदा माझ्या दुकानात आला तो चष्म्यासाठी नाही, भिंगासाठी. कसबा पेठेत त्याच्याच इमारतीच्या तळमजल्यावर माझं चष्म्याचं दुकान आहे. तो राहतो चौथ्या मजल्यावर. "काय वाचायचंय?" मी विचारलं. "तलवार," तो म्हणाला. मी म्हटलं, तलवार चालवतात, वाचत नाहीत. त्यावर त्यानं माझी कीव केल्यासारखं पाहिलं आणि भिंगाचे पैसे ठेवून निघून गेला. तेव्हापासून आमची मैत्री आहे. आमच्या पेठेत मैत्रीची सुरुवात साधारण अशीच होते.

आनंद जपानी शिकलेला. एका कारखान्यात यंत्रांची जपानी माहितीपुस्तकं मराठी-इंग्रजीत आणण्याचं काम त्यानं तीस वर्षं केलं. जपानला मात्र एकदाही गेला नाही. साहेब लोक जायचे, हा त्यांच्यासाठी पत्रं लिहायचा. ते जपान त्याला पुढे तलवारींत सापडलं. हिंजवडीचे हिंमतराव म्हणून एक ओळखीचे होते, त्यांच्या वडिलांनी ब्रह्मदेशातल्या लढाईतून एक लांब जपानी तलवार आणली होती. ती माळ्यावर पडून होती. आनंदनं ती विकत घेतली, तेव्हा स्कूटर गेली आणि त्याच्या बायकोच्या, तनुजावहिनींच्या, दोन पाटल्याही गेल्या. दुसरी, छोटी तलवार त्याला जुन्या बाजारात पान्यांच्या ढिगात मिळाली. विकणारा ती ऊस तोडायचा कोयता म्हणून विकत होता. आनंदनं घासाघीस न करता पैसे दिले, म्हणून त्या माणसाला नंतर दोन दिवस झोप लागली नाही म्हणतात.

वहिनींना या तलवारींचा मनस्वी राग. लांब तलवारीला त्या सवत म्हणायच्या. आनंद दर महिन्याला पात्याला लवंगेचं तेल लावायचा, त्यामुळे घरात कायम दातांच्या दवाखान्याचा वास. "माझ्या सवतीची मालिश झाली असेल तर जेवायला या," असं त्या म्हणाल्या, की मी वर असलो तर पानावर आधी मी बसायचो.

मला तलवारींतलं एकच कळलं, तेही आनंदनं दहादा सांगितलं म्हणून. पात्याचं जे टोक मुठीच्या आत जातं त्याला आनंद शेपटी म्हणायचा. पात्यावर डागाचा ठिपकाही चालत नाही, पण शेपटीवरचा गंज कधी काढायचा नाही. तो शेकडो वर्षांचा असतो, काळाकुट्ट. बनवणाऱ्यानं छिन्नीनं कोरलेलं नाव तिथंच असतं. अक्षरांच्या आत साचलेल्या गंजावरून जाणकार सांगतात, नाव खरं की मागाहून कुणी कोरलेलं. "ही तिची जन्मपत्रिका," आनंद म्हणायचा. पुण्या-मुंबईकडच्या शौकीन लोकांत त्याचा शब्द शेवटचा मानायचे. वडक्यांनी शेपटी पाहून मान हलवली की सौदा पक्का. हा विषय निघाला की वहिनी मात्र उठून स्वयंपाकघरात जायच्या.

मग वहिनींचे गुडघे गेले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टसाठी सोडलेली जागा आहे, तिथं सगळे गाड्या लावतात. डॉक्टरांनी त्यांचं हृदय तपासलं आणि ऑपरेशनचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. पहिल्या वर्षी त्या महिन्यातून एकदा उतरायच्या, दुसऱ्या वर्षी गणपतीपुरत्या. त्यानंतर उतरल्याच नाहीत. सकाळी सात वाजता चौथ्या मजल्याच्या खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली यायची. मी तिच्यात दूध आणि भाजी ठेवायचो आणि दोरी हलवायचो. वरून हात दिसायचा, तेवढंच. ज्या बाईनं चाळीस वर्षं मंडईत भाजीवाल्यांना सळो की पळो करून सोडलं, ती आता मी देईन ती गवार घ्यायची. मला त्याचा फार त्रास व्हायचा.

आनंदनं लांब तलवार विकायची ठरवली तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं. कात्रजला एक तळमजल्यावरचं घर त्यानं पाहून ठेवलं होतं. दारात चार पावलं अंगण, पुढे सपाट रस्ता. "तिला चपला घालून बाहेर जाता येईल, साईनाथ," तो म्हणाला. बास, एवढंच. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही आणि इथं एवढा पैसा टाकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला एक रणजित, मुंबईचा. तो दसऱ्यानंतर येणार होता. वहिनींना हे कळलं त्या दिवशी त्यांनी खिडकीतून मला हाक मारली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "भावजी, माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय, चांभार अजून बसतो का हो कोपऱ्यावर?"

खंडेनवमीला सकाळी आनंद आणि मी झेंडू आणायला मंडईत गेलो. आदल्या दिवशी रणजितला फोटो पाठवायला म्हणून त्यानं तलवारीची मूठ काढली होती, पण उजेड गेला म्हणून फोटो राहिले आणि उघडं पातं त्यानं पांढऱ्या कापडात तसंच ठेवलं होतं. आम्ही फुलं घेऊन चार जिने चढलो. दार उघडंच होतं. देवासमोर पाटावर तलवार होती. सुरी, कात्री, अडकित्ता आणि आनंदचा जुना पाना शेजारी मांडलेला. सगळं लखलखत होतं. तलवार टोकापासून शेपटीपर्यंत लखलखत होती.

वहिनी पाटाशेजारी खुर्चीत बसल्या होत्या. हातांना चिंचेचा वास. "वीस वर्षं तेल लावलंत, पण शेपटीला विसरलात हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "किती काळी झाली होती! रात्री तुम्ही झोपल्यावर चिंचेच्या कोळाचं फडकं गुंडाळून ठेवलं, सकाळी तुम्ही मंडईत गेल्यावर पितांबरी. अक्षरांतलं निघेना, ते टूथब्रशनं काढलं. म्हटलं, एवढी वर्षं सवत म्हटलं, आता घर देऊन चाललीय तर माहेरवाशिणीसारखी जाऊ दे."

मी आनंदकडे पाहिलं. त्याच्या हातात झेंडूची पिशवी होती. ती त्यानं खाली ठेवली, पुढे गेला, वाकून तलवार पाहिली. "छान झालीय," तो म्हणाला. मग शेपटीला त्यानं स्वतः कुंकू लावलं. मी तोंड उघडणार होतो. त्यानं माझ्या हाताला असं काही धरलं की मनगटावर दोन दिवस वळ होता.

रणजित आला तेव्हा मी वरच होतो. वहिनी आत चहा करत होत्या. त्यानं मूठ काढली, शेपटी पाहिली, ती खिडकीच्या उजेडाशी नेऊन पुन्हा पाहिली. मग हळूच म्हणाला, "वडकेसाहेब, हे कुणी केलं?"

"मीच," आनंद म्हणाला.

"तुम्ही?"

"मीच. बुद्धी फिरली."

रणजितनं तलवार कापडात गुंडाळून आनंदपुढे ठेवली. नाव आता काल कोरल्यासारखं दिसत होतं. खरं असेलही, पण कशावरून? चहा न घेताच तो गेला. वहिनी ट्रे घेऊन भिंतीला धरत बाहेर आल्या. "काय झालं?"

"मला नाही द्यायची," आनंद म्हणाला. "ऐन वेळी नाही देववली."

वहिनी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ट्रे ठेवला. "बरं," त्या म्हणाल्या. "तुमचा जीव आहे तिच्यात. राहू दे. मला काय, खिडकी आहे."

त्यानंतरचं वर्ष मी दोघांनाही पाहत होतो आणि चडफडत होतो. वडक्यांनी स्वतःच्या हातानं शेपटी घासली, ही गोष्ट शौकिनांत पसरली. फोन यायचे बंद झाले. घरी वहिनी त्याला एका शब्दानं दुखवत नव्हत्या, उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "ह्यांना नाही विकवली हो, मन मोठं हळवं आहे." आनंद खाली मान घालून ऐकायचा. मी त्याला म्हटलं, "गाढवा, सांगून टाक." तो म्हणाला, "मीच तलवार विकली नाही असं तिला वाटतं, तोवर तिला फक्त माझा राग येईल. खरं कळलं तर तिला स्वतःचा येईल. वर बसून ती दुसरं काय करणार आहे दिवसभर?" मी खाली येऊन दुकान उघडलं.

पुढची खंडेनवमी आली. मी फुलं घेऊन वर गेलो. वहिनी चिंच कोळून तयार बसल्या होत्या. "मोठी गेल्या वर्षी घासली, धाकटी तशीच राहिली," त्या आनंदला म्हणाल्या. "काढा तिची मूठ. दोघी इथंच राहणार, तर दोघी चकचकीत राहू देत."

आनंदनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुठीतली बांबूची खुंटी काढली, मूठ ओढली आणि जुन्या बाजारातली ती तलवार त्यानं त्यांच्या मांडीवरच्या फडक्यावर ठेवली. तिच्या पैशात घर आलं नसतं, पण घरात धड उरलेली तेवढी एकच होती.

वहिनींनी बोळा चिंचेत बुडवला. शेपटी उजेडाकडे धरली. मग अंगठा अक्षरांवरून फिरवला, आणि थांबल्या. पाटावर मूठ काढून मांडलेली मोठी तलवार ओढून घेऊन त्यांनी तिचीही अक्षरं पाहिली. एका शेपटीत काळं भरलेलं, दुसरीत काहीच नाही. एकदा ही, एकदा ती.

"तो मुंबईचा माणूस," त्या म्हणाल्या, "शेपटीच बघत होता ना? मला आतून दिसत होतं."

आनंदनं चिंचेची वाटी बाजूला सरकवली.

"भावजी, तुम्ही सांगा."

मी फुलांची पिशवी घट्ट धरून उभा राहिलो. तेवढ्यानं त्यांना कळलं. त्यांनी बोळा वाटीत टाकला, पदराला हात पुसले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज कोरडा होता. "वर्षभर मी सगळ्या पेठेला सांगत होते, ह्यांना विकवली नाही म्हणून. आणि तुम्ही ऐकत होतात." त्या जरा थांबल्या. "माझ्या बाहेरच्या दाराला मीच कडी घातली, आणि मलाच कळलं नाही."

"तनुजा, जाऊ दे," आनंद म्हणाला.

"त्या रणजितला फोन लावा."

"आता तो घेणार नाही गं."

"लावा म्हणते ना."

त्यानं लावला. वहिनींनी फोन हातातून घेतला. "मी वडक्यांची बायको बोलतेय. ती तलवार मी घासली. ह्यांनी नाही. ह्यांना सगळं कळतं." पलीकडून तो काहीतरी बोलला. "नाही, नाही," वहिनी म्हणाल्या, "विकायची म्हणून नाही केला फोन. एवढंच सांगायचं होतं."

आनंद खिडकीकडे तोंड करून उभा होता. वहिनींनी धाकटीला कुंकू लावलं, फक्त लाकडी म्यानाला, आणि शेपटी तशीच काळी ठेवून मला मूठ बसवायला सांगितली. मला ती नीट बसवता आली नाही.

दसऱ्याला सकाळी सात वाजता पिशवी खाली आली. मी तिच्यात दूध ठेवलं आणि दोरी हलवली.