नाकातला एसी आणि पेठांतले पेशंट

नाकाची डॉक्टर म्हणून नारायण पेठेत बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, ते नंबर लावून आत येतात! आणि नाकातला वाकडा पडदा सरळ करायचं ऑपरेशन तर आमचे पेशंट असं करून घेतात, जणू माझ्यावरच उपकार!

मी सगळ्यांना एकच समजावते. नाक म्हणजे घरचा एसी. बाहेरची कोरडी, गार हवा ऊबदार आणि दमट करून आत सोडतं. पडदा वाकडा असला की एक बाजू जाम आणि दुसरी वाऱ्याने कोरडी ठणठणीत.

एक आजी शांतपणे ऐकून म्हणाल्या, "एवढं कळतं, तर बाहेर पेशंट बसतात तिथला एसी बंद का?"

मी तिथल्या तिथे मेकॅनिकला फोन लावला.

*

एक आयटीवाला मुलगा. टाके विरघळले आणि विचारतो, "मॅम, याची वॉरंटी किती?"

म्हटलं, "नाकात बोटं घालणं सोडलंस तर लाइफटाइम!"

शेजारी त्याची आई बसली होती. ती "बघ!" एवढंच म्हणाली. पोरगा लालबुंद!

*

शनिवार पेठेतले एक निवृत्त हेडमास्तर. ऑपरेशन झकास झालं, तरी तक्रार घेऊन हजर. "सकाळी उजवी नाकपुडी मोकळी, दुपारी डावी. दोन्ही एकदम का नाहीत?"

"अहो सर, सगळ्यांचंच असं असतं. एक काम करते तेव्हा दुसरी आराम करते. त्यानेच आत ओलावा टिकतो."

"अस्सं! म्हणजे आमच्या शाळेच्या स्टाफसारखंच," म्हणाले आणि समाधानाने घरी गेले.

*

यासीनभाईंच्या वेळी मात्र माझीच पंचाईत झाली होती. बुधवार पेठेत त्यांचं अत्तराचं दुकान. लहानपणी बॉल लागल्यापासून डावी बाजू बंद, सगळा धंदा उजव्या नाकपुडीवर. "डॉक्टर, वास गेला तर दुकानाला कुलूप," ते म्हणाले.

"अहो, माझ्यावर सोडा!" मी छातीठोकपणे सांगितलं.

ऑपरेशननंतर म्हणतात कसे, "दोन्हीकडून हवा मस्त गारेगार जाते. पण मला गुलाब आणि पाणी सारखंच!"

"सूज उतरू द्या, येईल वास." बोलले ठामपणे, पण ते गेल्यावर त्यांचे रिपोर्ट पुन्हा काढून बघितले, खरं सांगते. ते बिचारे तोवर बाटल्यांवरची लेबलं वाचून अत्तर विकत होते.

मग एका सकाळी आले. खिशातून चंदनाची कुपी काढली. दुकानातलं सगळ्यात भारी अत्तर. हाताच्या पाठीवर लावलं, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी!

मी तर आनंदाने खुर्चीतून उठलेच. "आला ना वास?"

"आला. दोन्ही नाकपुड्यांनी आला." ते कुपीकडे बघत राहिले. "डॉक्टर, इतकी वर्षं मी हे अस्सल म्हणून विकलं हो!"