रेवाने म्हटलेलं आमचं गाणं

इतवारीत माझ्या सासरच्या मिरचीच्या दुकानासमोर आता कॉफीचं दुकान निघालंय. पोत्यांमध्ये बसल्या बसल्या तो भाजका वास आला की धरमपेठेतल्या कॅफेची माडी आठवते. सतरंजीवर वीसेक माणसं आणि समोर गिटार घेतलेली माझी मैत्रीण रेवा.

“हे गाणं आम्ही दोघींनी केलं. ये वं,” तिने माईकवरून हाक मारली.

मी उठले, पण दाराकडे. खाली बाबा स्कूटरवर थांबले होते; मला बघायला पाहुणे यायचे होते. जिन्यात माझ्याच ओळी रेवाच्या एकटीच्या आवाजात ऐकू आल्या.

“झालं काय गाणं?” बाबांनी विचारलं. “नसंन झालं तं जाय वर. पाहुणे बसतीन थोडे.”

मी स्कूटरवर मागे बसले. बाबांनी मला तिथून ओढून नेलं, असंच मी कित्येक वर्षं मनात धरून होते. त्यांचं ते वाक्य मला आता कुठे ऐकू येतंय.