झिराडकर रब्बींना भांडायला माणूस हवा

हनोख झिराडकर मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएली, म्हणजे घरात मराठी बोलणारे यहुदी. तरुणपणी न्यूयॉर्कला जाऊन ते हासिदी पंथाचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, होऊन आले. पोटापाण्यासाठी मात्र लिफ्ट इन्स्पेक्टर. दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये ते आमचे शेजारी. त्यांची लांब दाढी पाहून टॅक्सीवाले "आइए मौलाना" म्हणत आणि हेही खुशाल बसत.

२००९ साली मंदीत टॉवर अर्धवट राहिले. लिफ्टच बसेनात, तर तपासणार काय? हनोखभाऊंची नोकरी गेली. एलिशेबावहिनी नर्स होत्या, म्हणून घर चाललं. रिकाम्या वेळात भाऊंनी ताल्मूद काढला. हा यहुदी धर्मशास्त्राचा अफाट वादग्रंथ. तो एकट्यानं वाचून भागत नाही. शब्दाशब्दाला अडवणारा जोडीदार लागतो.

"माझ्याशी नको," वहिनी म्हणाल्या. "मी जिंकते, मग तुम्ही जेवत नाही."

शेवटी खालच्या मजल्यावरचा रफिक मिळाला. मुरुडचा ड्राफ्ट्समन, तोही मंदीत घरी बसलेला. हिब्रू त्याला येत नव्हतं, पण भाऊंनी मराठीत अर्थ सांगितला की तो लगेच म्हणे, "पटत नाही."

एका दुपारी भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू आला.

"शाल माझी आहे! मला सापडली!"

"खोटं! मी आधी उचलली. सोड!"

मी घाबरून खाली सिक्युरिटीला फोन केला. नेपाळी वॉचमन उपेंद्र धावत वर आला, मीही त्याच्यामागून गेलो. आत दोन दाढीवाले वहिनींची शाल दोन टोकांना धरून ओढत होते. उपेंद्रनं काही विचारलंच नाही.

"दोनों कसम खाओ, फिर आधा-आधा बाँट लो. खलास."

हनोखभाऊंनी शाल सोडली. रफिक सोफ्यावर आडवा झाला.

"उपेंद्र! ये किसने सिखाया?" भाऊंनी विचारलं.

"किसी ने नहीं, साब. अल क्वोज के लेबर कैंप में एक कमरे में दस आदमी हैं. रोज़ यही होता है."

"अरे, शास्त्राचा निकाल हाच आहे!" भाऊंनी त्याला मिठीच मारली. ते दोघं भांडत नव्हते, ताल्मूदातला धडा करून बघत होते, हे तेव्हा मला कळलं. मी माफी मागितली. संध्याकाळी वहिनी ड्यूटीवरून आल्या, मधोमध फाटलेली शाल पाहून म्हणाल्या, "निकाल लागला वाटतं."

पुढे रफिकला अबू धाबीत काम मिळालं आणि तो खलिफा सिटीत राहायला गेला. भाऊंनाही पुन्हा लिफ्टचं काम मिळालं. दोघांचा वाद फोनवर चालू राहिला.

२०२० साली अमिरातीनं इस्राएलशी करार केला आणि त्यानंतर इथले यहुदी उघडपणे जमू लागले. साठीला आलेल्या भाऊंना एका व्हिलात मुलांना ताल्मूद शिकवायला बोलावलं. पहिल्या आठवड्यातच ते हैराण झाले. काहीही सांगा, मुलं म्हणत, "ओके, रब्बी."

"रफिक, ही पोरं सगळंच मान्य करतात रे! यल्ला, ये लवकर," त्यांनी फोनवर सांगितलं.

रविवारी रफिक येऊन मागच्या खुर्चीवर बसला. भाऊंच्या पहिल्याच वाक्याला त्यानं हात वर केला. "पटत नाही." मुलं मागे वळून बघतच राहिली. मग जोरदार जुंपली. दहा मिनिटांनी आठ वर्षांची एक मुलगी उठून उभी राहिली.

"नो! यू आर बोथ राँग!"

हनोखभाऊंनी तिला पहिल्या रांगेत आणून बसवलं आणि म्हणाले, "हं. आता सांग, का?"