नवरदेवाचा गुडघा, स्टेपनीची जागा

आमच्या क्रिकेट क्लबात ज्या गृहस्थास सर्वजण 'स्टेपनी' म्हणून हाक मारतात, तो व्यवसायाने लिफ्टचा मिस्त्री आहे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आतील माणूस ओरडू लागला, म्हणजे त्याला बोलावणे येते. तो येतो, हत्यारांची पेटी खाली ठेवतो आणि प्रथम दाराशी उकिडवा बसून आतल्या माणसाशी बोलतो. "एकटेच आहात ना आत? मग बरंय, भांडण तरी होणार नाही. बसून घ्या खाली." आतला माणूस हसला, की मगच तो पाना हाती घेतो. घाबरलेला माणूस आत दारे ओढतो, बटणे दाबतो आणि साधे काम अवघड करून ठेवतो, असे त्याचे म्हणणे आहे.

क्रिकेटमध्ये त्याचे स्थान बरीच वर्षे बारावे होते. संघातील अकराजण धडधाकट असले की हा पाणी नेणार; एखाद्याचे लग्न, आजारपण किंवा बदली निघाली की हा खेळणार. सातव्या क्रमांकावर फलंदाजी आणि मंदगती, परंतु काटेकोर गोलंदाजी, एवढे त्याचे भांडवल. टोपणनावाचा त्याला राग नव्हता. "स्टेपनीतही हवा भरून ठेवावी लागते, कप्तान," असे म्हणून तो कोणी बोलावो न बोलावो, सरावाला हजर राहत असे.

संघाचा आधारस्तंभ निराळाच होता. तो अष्टपैलू खेळाडू विमा कंपनीत नोकरीस असून एके काळी वरच्या दर्जाच्या संघांतून खेळलेला. मैदानावर तो सर्वांत शेवटी येई आणि आला की सगळे उठून उभे राहत. म्हणून त्याचे नाव पडले 'नवरदेव'. मागील हंगामाच्या अखेरीस धाव घेताना त्याचा गुडघा मुरगळला, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि यंदाच्या पहिल्याच सामन्यापासून त्याच्या जागी स्टेपनी खेळू लागला. नवरदेवावाचून आमचे कसे होणार, ही सर्वांची चिंता. पण झाले असे, की कित्येक वर्षांनंतर आमचा क्लब अंतिम सामन्यात पोहोचला. स्टेपनीच्या आयुष्यातला हा पहिला अंतिम सामना. चाळिशी जवळ आली होती, खांदा कुरकुरू लागला होता. दुसरा अंतिम सामना त्याच्या वाट्याला येईल, असे तो स्वतःही मानत नव्हता. त्याच्या घरी राहणाऱ्या सासूबाई क्रिकेटच्या भारी शौकीन. जावई अंतिम सामना खेळणार, हे त्यांनी इमारतीत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सांगून ठेवले होते.

आणि नेमक्या त्याच सुमारास नवरदेवाला डॉक्टरांनी खेळण्याची परवानगी दिली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नवरदेव बरा व्हावा यासाठी रोज सकाळी मैदानावर त्याच्याबरोबर राबत होता तो स्टेपनीच. बाकीच्यांना नोकरीच्या वेळा. शिवाय आपण लंगडतो आहोत, हे चारचौघांनी पाहावे, हे नवरदेवाला खपत नसे. म्हणून हे दोघेच. एक चेंडू टाकी, दुसरा खेळे, मग उलट. सासूबाईंना हे मुळीच रुचले नव्हते.

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ पाहिले," त्या लेकीला ऐकू जाईल अशा बेताने जावयाला म्हणाल्या, "पण रोज सकाळी उठून, आंघोळ करून, नेमाने मारून घेणारे आमचे जावईबापूच पहिले!"

"अहो आई, तो एकटा बॉल कोणाला टाकणार? भिंतीला?"

"टाकू दे की भिंतीला. भिंतीची जागा तरी जाणार नाही."

निवड समितीत आम्ही तिघे होतो: औषधांचे दुकान चालवणारे कप्तान, चिटणीस असलेले वकीलसाहेब आणि मी. बैठक कप्तानांच्या दुकानामागील खोलीत, खोकल्याच्या औषधाच्या खोक्यांमध्ये बसून झाली. वकीलसाहेबांनी विषय मांडण्यापूर्वीच संपवून टाकला.

"यात चर्चा कसली? चाक दुरुस्त झालं की स्टेपनी परत डिकीत. त्याच्यासाठीच असते ती."

मी म्हणालो, "वकीलसाहेब, आधी प्रश्न नीट मांडू. नवरदेव नियमाप्रमाणे आपली आठही षटके टाकू शकत असेल, तर तो स्टेपनीची जागा घेईल. त्याबद्दल वाद नाही. पण टाकू शकत नसेल, तर तो केवळ फलंदाज म्हणून परत येतो आहे. मग जागा फलंदाजाने सोडायला हवी. गोलंदाज काढला तर मधली षटके कोण टाकणार, तुम्ही?"

फलंदाजांत सर्वांत कमी धावा काढणारा कोण, हे तिघांनाही ठाऊक होते. तो सलामीचा खेळाडू कप्तानांचा सख्खा भाचा.

"नवरदेव म्हणतो, टाकतो म्हणून," कप्तान खोके सरळ करीत म्हणाले.

"नवरदेव म्हणणारच. त्याला टाकताना पाहिले कोणी?"

पाहिले होते एकट्या स्टेपनीने. म्हणून त्याला बोलावले. तो कामावरूनच आला. हाताचे ग्रीस दिसू नये म्हणून हात मागे धरून दारात उभा राहिला. मी सरळ विचारले, "नवरदेव आठ षटके टाकू शकतो का?"

'हो' म्हणाला असता तर त्याची जागा जात होती. 'नाही' म्हणाला असता तर राहत होती. तो म्हणाला, "काका, मला विचारू नका."

"का? तू रोज असतोस तिथे."

"म्हणूनच. एक तर तिथलं बाहेर बोलणार नाही, असा मी त्याला शब्द दिलाय. आणि दुसरं म्हणजे, जागा माझीच जाणार किंवा राहणार. आमच्यात ज्यानं लिफ्ट दुरुस्त केली, त्यानंच ती पास करायची नसते. आत पूर्ण वजन ठेवतात, चालवतात, आणि दुसरा माणूस उभा राहून बघतो. तुम्ही तिघं उद्या सकाळी मैदानावर या. त्याला आठ ओव्हर टाकायला लावा आणि बघा."

"आणि तुझं मत?" वकीलसाहेबांनी खोदून विचारले.

"मत तुमचं. मी पॅड बांधून समोर उभा राहीन. एवढा वेगवान बॉल खेळायची दुसऱ्या कोणाला सवय नाही."

वकिलाला साक्षीदार उलटल्याचे दुःख झाले. पण सूचना रास्त होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे जाळीमागे खुर्च्या टाकून बसलो. नवरदेव शिरस्त्याप्रमाणे शेवटी आला, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. पहिली चार षटके त्याने अशी टाकली, की आम्ही बसल्या जागी मागे सरकलो. स्टेपनीचा त्रिफळा दोनदा उडाला, आणि एक चेंडू मांडीवर असा बसला की त्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. कप्तानांनी टाळ्या पिटल्या.

"झालं! आता काय राहिलं? मिस्त्री, सोडा पॅड."

स्टेपनी वाकून पट्टे सोडू लागला.

"आठ ठरली आहेत," मी म्हणालो. "आठ म्हणजे आठ."

"काका, तुम्ही परीक्षेला बसलात तर उत्तरं संपली तरी उठायचे नाहीत," कप्तान म्हणाले.

"उठणार नाही. पुढे चालू द्या."

स्टेपनीने पट्टे पुन्हा आवळले. पाचव्या षटकात नवरदेवाची धाव किंचित आखूड झाली. आम्हांला बसल्या जागेवरून ते कळलेही नसते. चेंडू मध्येच टप्पा घेऊन आरामात वर आला. असा चेंडू बॅट आडवी न करता हळूच परत ढकलता येतो. तसे स्टेपनीने केले असते, तर नवरदेवाची आठही षटके सुरळीत पार पडली असती आणि आम्ही समाधानाने घरी गेलो असतो. स्टेपनीने तो मागे सरकून ओढला. चेंडू जाळीत एवढ्या जोराने शिरला की खांब हलला. त्यानंतरचा चेंडू चांगला पडला. तो त्याने मान खाली घालून सोडून दिला. तिसरा पुन्हा आखूड, पुन्हा खांब हलला.

"अहो, हा सूड घेतोय!" वकीलसाहेब उठून उभे राहिले.

"सूड नव्हे," मी म्हणालो. "चांगला चेंडू सोडतो आहे, वाईट मारतो आहे. बसा."

सहाव्या षटकाच्या सुरुवातीला नवरदेव कमरेवर हात ठेवून थांबला. "स्टेपन्या, मित्र आहेस का कोण रे?"

"मित्रच आहे. फायनलला समोर मित्र नसतील."

नवरदेवाने चेंडू हातात फिरवला, पुन्हा धाव घेण्यासाठी वळला आणि वळता वळता गवतावर बसला. पाय सरळ करून त्याने गुडघ्यावर तळहात ठेवला. आम्ही उठून जवळ गेलो.

"चार," तो म्हणाला. "चारपर्यंत हा ऐकतो, मग ऐकत नाही. स्टेपनीला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मीच म्हटलं होतं, बोलू नकोस. मला वाटलं, फायनलपर्यंत सुधारेल. नाही सुधारला." मग कप्तानांकडे पाहून म्हणाला, "बॅटिंग मात्र करतो. ती काढून घेऊ नका."

कप्तान स्टेपनीवर उखडले. "मग काल दारात उभा राहून मूग गिळून का बसलास?"

"काल बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, जागेसाठी बोलतोय." त्याने ग्लोव्ह काढला. "आणि खरं सांगू? मला स्वतःलाही तसंच वाटलं असतं."

निर्णयाला वेळ लागला नाही. बोलायचे कोणी, एवढाच प्रश्न होता. तो कप्तानांनीच सोडवला. जाळीकडे पाठ करून ते म्हणाले, "म्हणजे आमचा भाचा."

सामन्याचा निकाल येथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांचे लक्ष त्यात अडकून राहणार नाही. आम्ही जिंकलो. नवरदेवाने धावा केल्या आणि आपली चार षटके टाकली, मधली षटके स्टेपनीने टाकली, आणि सासूबाईंनी दोन्ही पंचांना सामना संपेपर्यंत नावे ठेवली. मला सांगायचे आहे ते त्याआधीचे, जाळीतल्या त्या परीक्षेच्याच दिवशी दुपारी घडलेले.

ज्याला वगळले त्याच्या घरी कप्तानाने स्वतः जाऊन सांगावे, अशी आमच्या क्लबाची रीत आहे. कप्तान निघाले, समितीतर्फे मी सोबत होतो. कोपऱ्यावर स्टेपनी उभा होता, केस ओले, अंगात धुतलेला सदरा.

"मी येऊ का बरोबर?"

"तू कशाला? जखमेवर मीठ चोळायला?" कप्तान म्हणाले.

"तुम्ही माझ्याकडे इतकी वर्षं सांगायला येता, कप्तान. दर वेळी बसता, चहा मागता, चहा संपेपर्यंत पोरांच्या शाळेच्या गप्पा मारता आणि मग उठताना सांगता. तेवढा वेळ मी समोर बसून चहा गिळायचो. काय सांगायचंय ते तुम्ही चप्पल काढतानाच कळलेलं असायचं. आज आधी सांगा. चहा मग."

आम्ही तिघे जिना चढलो.

दार कप्तानांच्या बहिणीने उघडले. "ये दादा, अचानक? काका, तुम्हीपण? बसा, चहा टाकते."

"थांब," कप्तान उंबऱ्यातच म्हणाले. "आधी त्याला बोलव."

भाचा बाहेर आला. बँकेत नुकताच चिकटलेला, उंच, सडपातळ. मामाने उभ्यानेच सांगितले. त्याचा चेहरा उतरला. त्याने आईकडे पाहिले, मग जमिनीकडे. बहीण म्हणाली, "दादा, तू मामा आहेस का शेजारी?"

"आई, राहू दे," भाचा म्हणाला. "माझ्या धावा मला माहीत आहेत."

मग त्याने स्टेपनीकडे पाहिले. त्या नजरेत रागही होता, आणि ज्याच्यावर राग धरायचा तो माणूस समोर येऊन उभा राहिल्याची अडचणही. स्टेपनी चपला काढून आत आला आणि त्याच्या शेजारी बसला.

"बाराव्या माणसाचं एकच सांगतो. बूट घालून बस, पहिल्या बॉलपासून. एकदा मी चपलेत बसलो होतो. बोलावणं आलं, धावत गेलो आणि एक चप्पल सीमारेषेवर राहिली. पंचांनी खेळ थांबवून ती उचलून बाहेर नेली."

"खरंच?" भाचा इच्छा नसताना हसला.

"मामाला विचार."

"खरं आहे," कप्तान म्हणाले. "आणि पंच ती कोणाची म्हणून विचारत होते, तेव्हा हा दुसरीकडेच बघत होता."

बहीण मुलाकडे पाहत क्षणभर उभी राहिली. मग चहा टाकायला आत गेली. भाचा उठून गॅलरीत गेला, आणि खेळाच्या बुटांच्या खिळ्यांना लागलेला चिखल खरवडू लागला.